स्लूप, ब्रिग, कटर : ब्रिटिश आरमारातल्या लहान शिडाच्या युद्धनौका आणि त्यांची वर्गवारी

दर्यावर्दी

'बाउंटी'वरच्या बंडाची गोष्ट बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. २८ एप्रिल १७८९ ला फ्लेचर ख्रिश्चनने जहाज ताब्यात घेतलं, जहाजाचा प्रमुख ब्लाय आणि त्याच्याबरोबरचे १८ जण एका उघड्या होडीत सोडले गेले आणि ती होडी थेट तिमोरला जाऊन पोचली. ब्लाय किती कडक होता, ख्रिश्चन किती भावनाप्रधान होता यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला मात्र या गोष्टीतली आरमाराच्या वहीतली एक नोंद जास्त महत्त्वाची वाटते.

'बाउंटी' तीन डोलकाठ्यांची होती, तिन्हींवर चौकोनी शिडं, वजनमाप २१५ टन. आधी ती 'बेथिया' नावाचं व्यापारी जहाज होती. आरमाराने १७८७ साली ती विकत घेतली. ताहितीहून ब्रेडफ्रूटची म्हणजे विलायती फणसाची रोपं कॅरिबियन बेटांवर न्यायची होती. आरमाराने तिची नोंद केली 'कटर' म्हणून. कटर म्हणजे खरं तर एकच डोलकाठी असलेली, भली मोठी शिडं लावणारी वेगवान नौका. 'बाउंटी'चं कटरशी रूपाने काहीही साम्य नव्हतं.

मग अशी नोंद का? कारण कटरवर लेफ्टनंट नेमला की भागतं. त्याच्या हाताखाली दुसरा सनदी अधिकारी द्यावा लागत नाही, नौसैनिकांची (मरीन, म्हणजे जहाजावरच्या शिपायांची) तुकडी द्यावी लागत नाही. ब्लाय बढती मागत होता, ती मिळाली नाही. आपण त्याला कॅप्टन म्हणतो ते त्याच्या जागेमुळे. हुद्द्याने तो लेफ्टनंटच होता. जहाजावर ४६ माणसं, त्यात राजाची सनद असलेला अधिकारी एकटा ब्लाय, आणि त्याच्या दारावर पहारा द्यायला एकही सशस्त्र नौसैनिक नाही. पहाटे त्याला झोपेतून उठवून बांधलं तेव्हा मध्ये पडणारं कोणी नव्हतं, याचं एक कारण ही नोंद आहे.

आरमारालाही ते कळलं असावं. १७९१ साली ब्लायला त्याच कामावर परत पाठवलं तेव्हा 'प्रॉव्हिडन्स' हे मोठं जहाज दिलं, ब्लाय आता खरा कॅप्टन, हाताखाली लेफ्टनंट, नौसैनिकांची तुकडी आणि सोबतीला 'असिस्टंट' ही ब्रिग, म्हणजे दोन डोलकाठ्यांची नौका. रोपं व्यवस्थित पोचली.

आता मूळ विषय. ब्रिटिश आरमारात जहाजांचे सहा 'रेट' होते. आरमाराचा कारभार पाहणाऱ्या सॅम्युअल पेपिसच्या काळात, १६७७ साली, कुठल्या दर्जाच्या जहाजावर किती माणसं आणि किती तोफा याचे तक्ते पक्के झाले; पुढच्या शतकात आकडे बदलत गेले. नेपोलियनच्या काळात ढोबळमानाने पहिला दर्जा १०० तोफांच्या वर, दुसरा ९० ते ९८, तिसरा ६४ ते ८० (यातली ७४ तोफांची जहाजं म्हणजे आरमाराचा कणा), चौथा ५० ते ६०, पाचवा ३२ ते ४४, सहावा २० ते २८. इथे एक रेघ. या सहाही दर्जांच्या जहाजांवर 'पोस्ट कॅप्टन' असायचा. रेघेखालची सगळी जहाजं 'अनरेटेड', म्हणजे दर्जाबाहेरची. मला त्यांच्याबद्दलच बोलायचंय, कारण पहारा देणं, टपाल नेणं, व्यापारी ताफ्यांना सोबत करणं, चाच्यांचा पाठलाग, किनाऱ्यांची मोजणी, असं रोजचं काम याच जहाजांनी केलं आणि पुस्तकांत मात्र ट्रफाल्गरची तीन मजली जहाजंच दिसतात. ट्रफाल्गरच्या विजयाची आणि नेल्सनच्या मृत्यूची बातमीसुद्धा इंग्लंडला आणली ती 'पिकल' नावाच्या लहानशा स्कूनरने, लेफ्टनंट लापेनोटिएरच्या हाताखाली. ४ नोव्हेंबर १८०५ ला ती फाल्मथला पोचली.

माझं म्हणणं असं की या रेघेखाली जहाजाचा वर्ग ठरवताना आरमार आधी माणसाचा हुद्दा बघे आणि मग जहाज. 'कमांडर' हुद्द्याचा अधिकारी असेल तर ते स्लूप. मग त्याला तीन डोलकाठ्या असोत (शिप-स्लूप) की दोन (ब्रिग-स्लूप). बाँबफेकी जहाजं आणि आगलावी जहाजंसुद्धा कमांडरच्या हाती असत, म्हणून तीही स्लूपांच्या रांगेत. लेफ्टनंट असेल तर गन-ब्रिग, कटर, स्कूनर वगैरे. व्यापारी बंदरात स्लूप म्हणजे एका डोलकाठीची नौका. आरमाराच्या स्लूपचा तिच्याशी संबंध नाही.

आणखी एक जोडी बघा. जेम्स कुकचं पहिलं जहाज 'एंडेव्हर', दुसऱ्या सफरीचं 'रिझोल्यूशन'. दोन्ही व्हिटबीला बांधलेली कोळसावाहू जहाजं, एकाच जातीची, फक्त 'रिझोल्यूशन' थोडं मोठं. १७६८ ला कुक लेफ्टनंट होता, म्हणून 'एंडेव्हर' बार्क. १७७२ ला तो कमांडर होता, म्हणून 'रिझोल्यूशन' स्लूप.

तुमच्याकडे भर घालण्यासारखं काही असेल, विशेषतः तोफांबद्दल आणि आपल्या किनाऱ्याबद्दल, तर जरूर लिहा.

सह्यवारा

फार आवडला लेख. बाउंटीची ही बाजू पहिल्यांदाच वाचली. दोन शंका आहेत.

पहिली, पोस्ट कॅप्टन आणि कमांडर यांत इतका काय फरक? दोघांनाही लोक 'कॅप्टन'च म्हणत ना?

दुसरी, १८ तोफांचं स्लूप म्हणताना त्यावर खरोखर १८ तोफा असत का? काही ठिकाणी एकाच जहाजाचे दोन-तीन वेगळे आकडे दिसतात.

दर्यावर्दी

सह्यवारा, पहिल्या शंकेचं उत्तर म्हणजे या सगळ्या व्यवस्थेचं मर्म आहे.

लेफ्टनंटपासून कमांडरपर्यंत बढती मिळणं हा कर्तृत्वाचा, ओळखीचा, नशिबाचा भाग होता. कमांडर कितीही वर्षं कमांडर राहू शकत असे. पण एकदा का पोस्ट कॅप्टन झाला की त्याचं नाव ज्येष्ठतेच्या यादीत चढे, आणि मग वरचे निवृत्त होत, मरत, तसतसा तो आपोआप वर सरके. जिवंत राहिला तर अॅडमिरल व्हायचाच. म्हणून 'पोस्ट' मिळणं हा आरमारातल्या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस. सहाव्या दर्जाच्या सर्वांत लहान, २०-२४ तोफांच्या जहाजांना 'पोस्ट शिप' म्हणत, कारण पोस्ट कॅप्टनला बसवता येईल असं ते सगळ्यात लहान जहाज. स्लूपवरच्या कमांडरला बढती मिळाली की स्लूप सोडावं लागे. त्याच्या नव्या हुद्द्याला ते अपुरं पडे. कमांडर हा शब्दही 'मास्टर अँड कमांडर' याचं छोटं रूप. जुन्या काळी लहान जहाजावर दिशा सांभाळणारा वेगळा मास्टर नसे, ते काम कमांडरकडेच असे. १७९४ पासून नुसतं 'कमांडर' रूढ झालं.

यात पैसाही होता. कॅप्टनचा पगार जहाजाच्या दर्जावर ठरे, खलाशांची आणि अधिकाऱ्यांची संख्याही दर्जावर ठरे. म्हणजे एखादं जहाज रेघेच्या वर नोंदवायचं की खाली, हा खजिन्याचा प्रश्न होता.

दुसऱ्या शंकेबद्दल, होय, कागदावरचा आकडा आणि डेकवरचा आकडा वेगळा असे, आणि त्याला कारण कॅरोनेड. त्याबद्दल इथले तांत्रिक मंडळी माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

लोहारकाम

कॅरोनेडबद्दल मी लिहितो, तोफांच्या ओतकामात मला खास रस आहे.

स्कॉटलंडमध्ये फॉल्कर्कजवळ कॅरन कंपनीचा ओतकारखाना होता. तिथे ही आखूड, पातळ भिंतीची, मोठ्या तोंडाची तोफ तयार झाली, आणि १७७९ पासून आरमाराने ती घ्यायला सुरुवात केली. ३२ पौंडी, म्हणजे ३२ पौंडांचा गोळा फेकणारी, लांब तोफ सुमारे पावणेतीन टनांची. तेवढाच गोळा फेकणारं कॅरोनेड एका टनापेक्षाही हलकं. दारू कमी लागते, माणसं कमी लागतात, धक्का कमी बसतो. चाकाच्या गाड्याऐवजी ते सरकत्या पाटावर बसवत. तोटा एकच आणि मोठा : पल्ला. लांबून गोळा नेमका लागत नाही. पण जवळ गेलात तर लाकडी बाजू फोडून आत किरच्यांचा पाऊस पाडतो.

लहान जहाजांसाठी ही क्रांती होती. पूर्वी स्लूपचं सांगाडं ६ किंवा ९ पौंडीपेक्षा जड तोफा पेलू शकत नव्हतं. आता तेच सांगाडं ३२ पौंडी कॅरोनेड पेलू लागलं.

हिशेब करून बघा. सर विल्यम रूलने आखलेल्या 'क्रूझर' वर्गाच्या ब्रिग-स्लूपवर (१७९७ पासून) १६ कॅरोनेड ३२ पौंडी आणि पुढच्या टोकाला २ लांब ६ पौंडी तोफा. एका बाजूची एकत्र सरबत्ती म्हणजे ८ गुणिले ३२, अधिक ६, झाले २६२ पौंड लोखंड. आणि जुन्या २८ तोफांच्या सहाव्या दर्जाच्या फ्रिगेटवर (फ्रिगेट म्हणजे एकाच मुख्य तोफडेकची वेगवान युद्धनौका) मुख्य डेकवर २४ नऊपौंडी तोफा. एका बाजूच्या १२, म्हणजे १०८ पौंड. दर्जाबाहेरची, १२१ माणसांची, दोन डोलकाठ्यांची ब्रिग जवळून लढताना दर्जा मिळालेल्या, २०० माणसांच्या फ्रिगेटच्या दुपटीहून जास्त लोखंड फेकत होती. तोफांच्या संख्येवर जहाजाची ताकद जोखायची पद्धत इथेच मोडून पडली.

सह्यवारा यांनी विचारलेल्या आकड्यांबद्दल : लांब तोफेच्या जागी बसवलेलं कॅरोनेड आकड्यात धरत, पण वरच्या डेकवर जादा म्हणून बसवलेली धरत नसत. त्यामुळे ३८ तोफांच्या फ्रिगेटवर प्रत्यक्षात ४६ असायच्या. १८१७ साली हुकूम निघाला की सगळीच मोजा, आणि एका रात्रीत कित्येक जहाजांचे आकडे कागदावर वाढले. एकही नवी तोफ चढली नव्हती.

दर्यावर्दी

लोहारकाम, अप्रतिम! २६२ विरुद्ध १०८ हा हिशेब मी कधी असा मांडून पाहिला नव्हता.

याच्या उलट टोकाचं उदाहरण 'स्पीडी'. १७८२ साली बांधलेली, १४ तोफांची ब्रिग, आणि तोफा अवघ्या ४ पौंडी. एका बाजूची सरबत्ती २८ पौंड! तिचा कमांडर थॉमस कॉक्रेन याने स्वतःच पुढे लिहून ठेवलं की पूर्ण सरबत्तीचे गोळे खिशात घालून तो डेकवर फिरू शकत असे.

६ मे १८०१ ला बार्सिलोनाजवळ याच 'स्पीडी'ने 'एल गामो' ही ३२ तोफांची स्पॅनिश झेबेक-फ्रिगेट जिंकली. 'स्पीडी'वर ५४ माणसं, 'गामो'वर ३१९. कॉक्रेनने आधी अमेरिकन झेंडा दाखवून जवळ गाठलं आणि जहाज 'गामो'च्या कुशीला इतकं चिकटवलं की तिच्या तोफांचे गोळे वरून जाऊ लागले. 'स्पीडी'च्या तोफा तिरप्या वर रोखलेल्या, त्या थेट 'गामो'च्या डेकमध्ये घुसत होत्या. मग सुकाणूवर जहाजाच्या डॉक्टरला उभं करून बाकी सगळे 'गामो'वर चढले. लहान जहाजाचं लहानपणच इथे हत्यार झालं. कॉक्रेनला त्याच वर्षी 'पोस्ट' मिळाली, पण तोवर 'स्पीडी' फ्रेंचांच्या हाती गेली होती.

हर्णैकर

दर्यावर्दी, तुम्ही आपल्या किनाऱ्याबद्दल विचारलंत म्हणून लिहिते. आमच्या घराच्या गच्चीवरून सुवर्णदुर्ग दिसतो, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी फार जवळचा.

एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. तो बाँबे मरीनचा, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमाराचा. त्याचं जहाज 'प्रोटेक्टर', ४४ तोफांचं. राजाच्या आरमारात असतं तर पाचव्या दर्जात बसलं असतं. त्याच्याबरोबर लहान जहाजं आणि बाँबफेकी जहाजं होती. पेशव्यांचं आरमारही तुळाजी आंग्र्यांच्या विरोधात बाहेर पडलं होतं, ७ गुराबा आणि ६० गलबतं. या विजयाची आठवण म्हणून जेम्सच्या पत्नीने लंडनमध्ये शूटर्स हिलवर १७८४ साली बांधलेला 'सेव्हर्नड्रूग कॅसल' आजही उभा आहे.

पुढच्या वर्षी फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग. अॅडमिरल वॉटसनच्या ताफ्यात तुमची जवळजवळ पूर्ण वर्गवारी दिसते : 'केंट' आणि 'कंबरलँड' तिसऱ्या दर्जाची, 'टायगर' ६० तोफांचं आणि 'सॅलिसबरी' ५० तोफांचं म्हणजे चौथ्या दर्जाची, 'ब्रिजवॉटर' सहाव्या दर्जाचं, आणि 'किंगफिशर' हे स्लूप. शिवाय कंपनीची बाँबफेकी केच जहाजं. तोफगोळ्यांच्या माऱ्यात आंग्र्यांच्या ताब्यातल्या 'रिस्टोरेशन' या जहाजाला आग लागली आणि शेजारी एकमेकांना बांधलेल्या गुराबांवर ती पसरत गेली. कान्होजींच्या काळापासून उभं राहिलेलं आरमार एका दुपारी जळालं, आणि त्यात पेशव्यांचा हात होता. हे वाचताना मला आजही त्रास होतो.

गुराब आणि गलबत हीसुद्धा एक वर्गवारीच आहे. गुराब बहुधा दोन डोलकाठ्यांची, साधारण १५० टनांपर्यंत. तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. पुढचं टोक लांब, ठेंगणं, आणि त्यातून नेमक्या पुढे मारा करणाऱ्या दोन जड तोफा, बाजूंना हलक्या. गलबत क्वचितच ७० टनांच्या वर, ४०-५० वल्ही, छोट्या फिरत्या तोफा. वारा पडला की गलबतं गुराबेला ओढून नेत आणि वाऱ्याविना अडकलेल्या इंग्रजी जहाजाच्या मागच्या बाजूला नेऊन उभी करत, जिथे त्याच्या तोफा पोचत नाहीत. युरोपियन वर्गवारी बाजूच्या तोफा मोजते. आपल्या जहाजांचा जीव पुढच्या दोन तोफांत आणि वल्ह्यांत होता. त्या मापाने गुराब मोजली की ती कायम लहान आणि कमकुवत दिसते. ते माप तिच्यासाठी नव्हतंच.

आणि हो, 'रेंजर'चा उल्लेख कुणीतरी करायलाच हवा. ८ एप्रिल १७८३, रत्नागिरीजवळचा समुद्र. बाँबे मरीनचं १२ तोफांचं लहान जहाज 'रेंजर', लेफ्टनंट प्रुएनच्या हाताखाली, कर्नल मॅक्लाउड, कर्नल हंबरस्टन, मेजर शॉ अशा बड्या लष्करी अधिकाऱ्यांना घेऊन मुंबईहून दक्षिणेला निघालेलं. आनंदराव धुळपांच्या आरमाराने ते गाठलं, जबरदस्त लढाई झाली आणि 'रेंजर' विजयदुर्गाला आणलं. शॉ लढाईत पडले, हंबरस्टन जखमांनी नंतर गेले. इंग्रज आणि मराठ्यांमध्ये साल्बाईचा तह आधीच झाला होता, त्यामुळे पुढे बराच पत्रव्यवहार झाला.

दर्यावर्दी

हर्णैकरताई, मनापासून आभार. पुढच्या दोन तोफांचा मुद्दा फार मोलाचा आहे.

'रेंजर'बद्दल एक जोड देतो. बाँबे मरीन राजाच्या आरमारात नव्हती, त्यामुळे सहा दर्जांचे नियम तिला लागू नव्हते. पण हुद्द्याचं गणित तिथेही दिसतं : १२ तोफा, म्हणून लेफ्टनंट. प्रुएनने अफाट शौर्याने जहाज लढवलं हे दोन्ही बाजूंच्या कागदांवरून दिसतं, आणि एवढ्या लहान जहाजावर एवढे मोठे अधिकारी पुरेशा संरक्षणाविना पाठवणाऱ्यांचा निष्काळजीपणाही.

जुनी_वही

धागा उत्तम चाललाय, पण मूळ मुद्द्याला मला विरोध नोंदवायचाय.

'आधी हुद्दा, मग जहाज' हे ऐकायला छान वाटतं, पण जहाजं काही कारकुनांनी बांधली नाहीत. आरमाराच्या सर्व्हेयरांकडे प्रत्येक वर्गाचे स्वतंत्र आराखडे असत. क्रूझर वर्ग घ्या : १०० फुटांचा डेक, साडेतीस फूट रुंदी, ३८२ टन, शंभराहून जास्त प्रती. हे रूप आधी कागदावर ठरलं आणि मग त्यावर कमांडर बसला. शिप-स्लूप आणि ब्रिग-स्लूप यांतला फरकही पूर्णपणे जहाजाचा आहे. ब्रिग बांधायला स्वस्त, कमी माणसांत चालते, वाऱ्यावर चपळ. पण दोनपैकी एक डोलकाठी पडली की ती लुळी होते. तीन डोलकाठ्यांचं जहाज एक गमावूनही लढत राहतं.

१८१२ च्या अमेरिकन युद्धात याची किंमत मोजावी लागली. १८ ऑक्टोबर १८१२ ला 'फ्रॉलिक' ही क्रूझर वर्गाची ब्रिग अमेरिकेच्या 'वास्प'समोर पडली. आदल्या वादळात तिच्या शिडांची मोडतोड झालेलीच होती. १८१३ च्या फेब्रुवारीत 'पीकॉक' ब्रिगला 'हॉर्नेट'ने बुडवलं. जून १८१४ मध्ये 'रेनडियर'ला दुसऱ्या 'वास्प'ने हरवलं. 'रेनडियर'वर तर ३२ ऐवजी २४ पौंडी कॅरोनेड होती. अमेरिकेची ही जहाजंही 'स्लूप ऑफ वॉर'च म्हणवत, पण तीन डोलकाठ्यांची, मोठी, जास्त माणसांची. एकच नाव, पण ताकद वेगळी. तेव्हा वर्गवारीचा अभ्यास करताना आराखड्यांपासून सुरुवात करावी, नेमणुकीच्या पत्रांपासून नाही, असं माझं मत.

अर्थात सगळ्याच क्रूझर हरल्या असं नाही. ऑगस्ट १८१३ मध्ये 'पेलिकन'ने अमेरिकन ब्रिग 'आर्गस' पकडली होती.

दर्यावर्दी

जुनी_वही, आराखड्यांचं महत्त्व मला मान्यच आहे. पण तुमच्या शेवटच्या उदाहरणातूनच माझा मुद्दा पुढे जातो. इंग्लंडचं १८ तोफांचं ब्रिग-स्लूप आणि अमेरिकेचं २२ तोफांचं शिप-स्लूप आराखड्याने इतकी वेगळी असून दोघांना एक नाव का? कारण ते नाव आराखड्याचं नव्हतंच. पकडलेली फ्रेंच कॉर्व्हेट (फ्रिगेटहून लहान युद्धनौका) इंग्लंडच्या वहीत कधी स्लूप म्हणून चढे, कधी सहाव्या दर्जात. लाकूड तेच.

आणि एक असं स्लूप होतं ज्याला आराखडाच नव्हता. मार्टिनिक बेटाच्या दक्षिणेला समुद्रातून सरळ वर आलेला एक सुळका आहे, डायमंड रॉक. जानेवारी १८०४ मध्ये कमोडोर सॅम्युअल हूडने जहाजावरच्या तोफा दोरखंडांनी त्या कातळावर चढवल्या, शिखराजवळ १८ पौंडी, खाली २४ पौंडी. सुमारे १२० माणसं गुहांमध्ये राहू लागली. आणि आरमाराने तो खडक स्लूप म्हणून दाखल करून घेतला! हुद्दा कमांडरचा, नाव जेम्स विल्क्स मॉरिस. सतरा महिने फोर द फ्रान्सकडे जाणाऱ्या फ्रेंच जहाजांना या खडकाने त्रास दिला. जून १८०५ मध्ये मोठ्या फ्रेंच-स्पॅनिश ताफ्यापुढे पाणी आणि दारूगोळा संपत आल्यावर मॉरिसने शरणागती पत्करली. जहाज गमावल्यावर जशी लष्करी न्यायालयापुढे चौकशी होते तशीच त्याची झाली, आणि तो सन्मानाने सुटला.

ज्याला तळ नाही, शीड नाही, जो हलत नाही, तो स्लूप होऊ शकतो. कमांडर असला की झालं.

जुनी_वही

डायमंड रॉकपुढे माझा युक्तिवाद अवघड होतो हे खरं. :-) तरी आराखडे सोडू नका एवढंच म्हणेन. 'क्रूझर' का टिकल्या आणि 'चेरोकी' का बुडाल्या याचं उत्तर हुद्द्यात मिळणार नाही.

पावशा

चेरोकी म्हणजे डार्विनचं 'बीगल' ज्या वर्गातलं तोच ना? त्याबद्दल कुणी सांगेल का? 'बीगल'च्या चित्रांत तर तीन डोलकाठ्या दिसतात, मग ती ब्रिग कशी?

जुनी_वही

हो, तोच वर्ग. हेन्री पीकने १८०७ साली आखलेला. ९० फूट लांबी, सुमारे २३५ टन, ८ कॅरोनेड १८ पौंडी आणि २ लांब ६ पौंडी तोफा. यांच्याही शंभराहून जास्त बांधल्या गेल्या. पाण्याच्या पातळीच्या फार वर नसलेला डेक, आणि भोवती उंच कठडा. त्यामुळे मोठी लाट आत आली की पाणी पटकन बाहेर जात नसे. सुमारे एक चतुर्थांश जहाजं बुडाली किंवा किनाऱ्यावर आपटून गेली. खलाशांनी त्यांना 'शवपेटी ब्रिग' नाव दिलं. युद्धानंतर फाल्मथहून टपाल नेण्याच्या कामाला यातल्या बऱ्याच लावल्या, तेव्हा त्यांवर लेफ्टनंट असत आणि अपघातांमुळे बदनामी आणखी वाढली.

'बीगल' ११ मे १८२० ला वूलिचला पाण्यात उतरली ती दोन डोलकाठ्यांची ब्रिग म्हणूनच. १८२५ साली मोजणीच्या कामासाठी तिला मागे तिसरी डोलकाठी जोडली आणि ती बार्क झाली. १८३१ च्या सफरीआधी तिचा प्रमुख फिट्झरॉय याने डेक उंच करून घेतला. माझ्या मते त्या वर्गाच्या दोषावर तोच खरा उपाय होता. एरवी डार्विन परत आला असता की नाही कोण जाणे.

लोहारकाम

बाँबफेकी जहाजांचा उल्लेख वर दोनदा आला म्हणून एक गोष्ट. १३ आणि १० इंची मॉर्टर (उखळी तोफा) उडवताना बसणारा धक्का थेट खाली तळावर जातो, म्हणून त्यांचा सांगाडा आतून ओंडक्यांनी भरून काढावा लागे. त्यामुळे ती संथ पण अभेद्य. ही मजबुती पुढे बर्फात उपयोगी पडली. सप्टेंबर १८१४ मध्ये बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर मारा करणाऱ्यांत असलेलं 'टेरर' हेच पुढे दक्षिण ध्रुवाकडे गेलं, आणि १८४५ साली आर्क्टिकच्या शोधमोहिमेवर निघालेल्या फ्रँकलिनबरोबर 'एरेबस'च्या सोबतीने उत्तरेत. दोन्ही परतली नाहीत. 'एरेबस'चे अवशेष २०१४ ला सापडले, 'टेरर'चे २०१६ ला.

टीसकाठ

मी इंग्लंडच्या ईशान्येला राहतो. हार्टलपूलला 'ट्रिंकोमाली' उभी आहे, घरी पाहुणे आले की त्यांना तिथे नेतोच. मुंबईत बांधलेली, मलबारी सागाची. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलेली. या जहाजाचे आराखडे घेऊन निघालेली 'जावा' फ्रिगेट डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने पकडली, म्हणून आराखडे पुन्हा पाठवावे लागले आणि काम लांबलं.

या धाग्याच्या संदर्भात सांगायचं तर, ती बांधली गेली पाचव्या दर्जाची फ्रिगेट म्हणून, ३८ तोफांची. १८१७ च्या नव्या मोजणीने ४६. मग युद्ध संपल्यामुळे कित्येक वर्षं नुसती बांधून ठेवली. १८४७ ला समुद्रात गेली ती २६ तोफांची कॉर्व्हेट म्हणून. मागची बाजू बदलली, तोफा कमी केल्या. सांगाडा तोच मुंबईचा, दर्जा एक पायरी खाली. आत गेल्यावर खालच्या डेकवर वाकून चालावं लागतं. तिथे सागाच्या त्या फळ्यांवर हात ठेवला की माझगावच्या गोदीतले सुतार आठवतात, ज्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत.

हर्णैकर

टीसकाठ, छोटी दुरुस्ती : वाडियांची गोदी फोर्टमधली, आज जिथे नौदलाचं डॉकयार्ड आहे ती. माझगाव वेगळं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून त्याच गोदीसाठी आले होते.

माझा प्रश्न : मुंबईत फक्त मोठीच जहाजं बांधली का? 'मिंडेन', 'कॉर्नवॉलिस', 'एशिया' ही नावं सगळीकडे दिसतात, ती ७४ आणि ८४ तोफांची. लहान स्लूप कुणी बांधली नाहीत का तिथे?

दर्यावर्दी

बांधली! क्रूझर वर्गाच्या दोन ब्रिग मुंबईत सागात बांधल्या गेल्या, १८१४ ला 'व्हिक्टर' आणि १८१५ ला 'झीब्रा'. चेरोकी वर्गाच्याही दोन, 'स्फिंक्स' १८१५ आणि 'कॅमेलिअन' १८१६. म्हणजे वर जुनी_वही यांनी सांगितलेले दोन्ही आराखडे मुंबईच्या गोदीत पोचले होते आणि वाडियांच्या कारागिरांनी ते सागात उतरवले होते. 'झीब्रा' १८४० साली सीरियाच्या मोहिमेत हैफाजवळ वादळात किनाऱ्यावर गेली. 'व्हिक्टर' १८४२ मध्ये मेक्सिकोच्या व्हेराक्रूझहून हॅलिफॅक्सला निघाली आणि सगळ्या माणसांसह बेपत्ता झाली. 'कॅमेलिअन' १८४९ पर्यंत टिकली आणि मग मोडीत निघाली. बदनाम चेरोकी वर्गातल्या जहाजाला तेहतीस वर्षं मिळाली, ती मला वाटतं त्या सागाची देणगी.